चोवीस खुणांची चाळणी

गुरुवारी दुपारी अडीच वाजता केतकी बनसोडे तंत्रनिकेतनाच्या बावीस मुलांना प्रोग्राममधल्या चाळणीतल्या चुका शिकवत होती. मुलं नुकतीच डबे खाऊन आली होती आणि मागच्या बाकावरच्या दोघांचे डोळे मिटायला आले होते. केतकीला त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या वयात ती स्वतः याच विषयाच्या तासाला गाढ झोपलेली होती.

मिरजेच्या अंकुर केंद्रात ती प्रोग्रामर होती, आणि महिन्यातून एकदा केंद्राच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग घ्यायची.

"समजा हजार नावांची यादी आहे," ती म्हणाली, "आणि त्यातली काहीच नावं हवी आहेत. मग आपण एक छोटं फंक्शन लिहितो. कॉलबॅक. तो म्हणजे दारावर बसवलेला माणूस. यंत्र एकेक नाव त्याच्यापुढे आणतं आणि त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. हो म्हटलं की नाव नव्या यादीत, नाही म्हटलं की बाहेर. का, ते यंत्र विचारत नाही. आता हा माणूस चुकतो कुठे?"

"उत्तर द्यायलाच विसरतो," पुढची एक मुलगी म्हणाली.

"बरोबर. तुम्ही रिटर्न लिहायला विसरता. तो बिचारा सगळं नीट तपासतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं म्हणजे यंत्राच्या लेखी नाही. सगळी यादी रिकामी. दुसरी चूक, तुलना करायच्या जागी एकच बरोबरचं चिन्ह टाकणं. मग तो तपासत नाही, प्रत्येकाच्या कपाळावर तेच उत्तर लिहून देतो आणि सगळेच आत येतात. तिसरी, चाळल्यावर मूळ यादी बदलली असं समजणं. चाळलेलं पीठ परातीत पडलंय आणि तुम्ही पोळ्या करताय डब्यातल्या पिठाच्या."

मुलं हसली. मागच्या बाकावरचा एक जागा झाला.

"चौथी चूक शून्याची. शून्य आणि रिकामी जागा यांतला फरक दारावरच्या माणसाला आपण शिकवल्याशिवाय कळत नाही. आज वर्गात गैरहजर किती, याचं उत्तर शून्य असू शकतं. तेही उत्तरच आहे. पण तुम्ही त्याला नुसतं 'आकडा आहे का बघ' म्हणालात, तर शून्य बघून तो म्हणतो, नाही."

हे वाक्य ती तीन वर्षं म्हणत आली होती. तोंडपाठ झालेलं वाक्य आपल्यालाही लागू पडतं हे माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

तास संपला तेव्हा बशीरभाई मुजावर दारात उभे होते. तपासणी विभागातले हे जुने तंत्रज्ञ. त्यांच्या मागे पटका बांधलेला एक म्हातारा भिंतीला टेकून उभा होता.

"मॅडम, हे जतहून आलेत. मल्लाप्पा," बशीरभाई म्हणाले. "मी काही विचारलं नाही हां. त्यांनी आपणहून सांगितलं."

हे वाक्य त्यांनी का म्हटलं हे कळायला अंकुर केंद्राचं काम कळायला हवं.

मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला पूर्वी दुसऱ्याचं आख्खं मूत्रपिंड लागायचं. आता लागतो हरभऱ्याएवढा तुकडा. दात्याच्या कुशीतून सुई घालून तो काढायचा, अकरा आठवडे पोषक द्रवात वाढवायचा, आणि तयार झालेला अंकुर रोग्याच्या बरगडीखाली लावायचा. दाता दोन दिवसांत घरी. अडचण एकच, आणि ती जुनीच. शरीराचे पहारेकरी परकं मांस ओळखतात आणि हल्ला करतात. ते ओळखतात पेशींवरच्या खुणांवरून, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या खुणा चोवीस. दाता आणि रोगी यांच्यात किती खुणा वेगळ्या आहेत ते यंत्र मोजतं. आठपर्यंत फरक असला तर अंकुर लावता येतो. जितका फरक कमी तितका तो टिकतो. आणि पहिला अंकुर शरीराने झिडकारला तर दुसरा कधीच लागत नाही, कारण पहारेकरी शहाणे झालेले असतात. म्हणजे संधी एकदाच.

हे झालं शरीराचं. घराचं गणित त्याहून अवघड. भाऊ आजारी म्हटल्यावर भावंडांना, सुनांना, जावयांना कोणी ना कोणी तपासायला रेटतंच. म्हणून केंद्रात एक बंद खोली केली होती. प्रत्येक दाता तिच्यात एकटा जातो, दोन बटणांपैकी एक दाबतो, हिरवं म्हणजे हो, आणि बाहेर येतो. वाटलं तर नंतर येऊन उत्तर बदलतो. नाहीचं बटण दाबलं तर नाव यादीत येत नाही, आणि घरच्यांना एवढंच कळतं की जुळलं नाही. खरंच जुळलं नाही की माणसाने नाही म्हटलं, हे केंद्रातल्या कोणालाही बघता येत नाही. यादीत नसलेल्या माणसाला कोणी काही विचारायचं नाही, असा केंद्राचा कडक नियम होता.

नियम चांगला होता. पण लोकांनाही ती खोली माहीत होती, आणि जुळलं नाही या शब्दांचा अर्थ घरोघर लोक आपापल्या मनाप्रमाणे लावत.

केतकीच्या घरी तो अर्थ एक वर्षापूर्वी लावला गेला होता.

तिची आई रंजना. रंजनाचा थोरला भाऊ उदय, केतकीचा मामा. छत्तीस वर्षांपूर्वी रंजनाने जातीबाहेर लग्न केलं, तेही ज्या जातीच्या माणसाला तिच्या माहेरी ओसरीवर वेगळा पेला होता त्या जातीत. त्या दिवसापासून मामाने बहिणीच्या घरचं पाणी घेतलं नाही. भाऊबीज बंद झाली. केतकीचे वडील वारले तेव्हा मामा दहा मिनिटं येऊन खुर्चीच्या कडेवर बसून गेला. केतकीने पाणी पुढे केलं तर म्हणाला, "तहान नाही." बाहेर मे महिना होता.

मामाची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा मामीचा फोन आला आणि रंजना त्याच आठवड्यात तपासून आली. दिवाळीनंतरचा मंगळवार होता. पंधरा दिवसांनी यादी आली. सहा नावं होती, तिचं नव्हतं. मामीने पुन्हा फोन केला. "वन्सं, द्यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं. त्या खोलीत जाऊन लपायचं कशाला?"

"मी नाही म्हटलं नाही," रंजना म्हणाली. हे ती एकदाच म्हणाली. नंतर लग्नाकार्यात बायका तिच्याकडे बघून कुजबुजायच्या, तरी ती पुन्हा म्हणाली नाही.

केतकीने त्या वेळी आईचा हात धरून म्हटलं होतं, "नाही म्हटलं असलंस तरी मी समजू शकते, आई. त्याने तुझ्याशी जे केलं त्यानंतर कोणीही म्हटलं असतं." आईने हात सोडवून घेतला आणि कुकर लावायला गेली. केतकीला वाटलं, आपण फार समजूतदार बोललो.

आता जतचे मल्लाप्पा तिच्यासमोर खुर्चीत बसले होते.

"आमी दोघं एका पोटातनं, एका येळंला आलो," ते म्हणाले. "जुळं. गावात अजून लोक त्याला मल्लाप्पा म्हणून हाक मारत्यात. आन तुमचं यंतर म्हणतंय आमी जुळत न्हाई."

केतकीला काही विचारायची मुभा नव्हती. नियम होता.

"त्या खोलीत म्या हिरवं बटण दाबलं. तुम्ही इचारू नका, मीच सांगतोय. भावजय ताट वाढती, पर बोलत न्हाई. पुतण्या म्हणतोय, काका, तुम्ही काय दाबलं ते कळलं आमाला. आता तुम्हीच सांगा, जुळ्याचं जुळत न्हाई असं कसं?"

"बसा तुम्ही," केतकी म्हणाली. "बशीरभाई, यांना चहा द्या."

ती खाली आपल्या टेबलापाशी आली आणि चाळणीचा कॉलबॅक उघडला. चौदा महिन्यांपूर्वी तिनेच लिहिलेला, एका ओळीचा. सुरुवातीला यंत्र बिघडलेल्या नमुन्यांच्या पुढे आकड्याची जागा रिकामी सोडायचं. तसे नमुने गळावेत म्हणून तिने दारावरच्या माणसाला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आकडा आहे का बघ, आणि तो आठ किंवा कमी आहे का बघ. दोन्हींना हो, तर आत सोड.

ती ओळ तिने दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. जुळ्या भावांमध्ये वेगळ्या खुणा शून्य. दारावरच्या माणसाने शून्य पाहिलं आणि तो म्हणाला, नाही.

एक फरक असलेला आत जात होता, आठ असलेला आत जात होता. एकही फरक नसलेला, म्हणजे सगळ्यांत लायक दाता, तेवढा बाहेर राहत होता.

आधी लाज वाटली, मग प्रश्न पडला. याची चाचणी केली होती ना? केली होती. त्या दिवशीचं तिला स्पष्ट आठवलं. चाचणीसाठी चाळीस खोटी माणसं हवी होती आणि त्यांना एक ते चोवीसमधले आकडे द्यायचे होते. संगणकाकडून घ्यायच्या ऐवजी बशीरभाईंनी कपाटातून गणपतीतल्या हाउजीची पिशवी काढली होती. पहिल्या चोवीस सोंगट्या निवडून ते एकेक काढत होते, परत पिशवीत टाकत होते, हाउजीसारखे ओरडत होते, "दोन नंबर, एकटा दोन," आणि ती हसत लिहून घेत होती. चाळीसही माणसं बरोबर चाळली गेली. हाउजीत शून्य नसतं. आणि दोन माणसांत एकाही खुणेचा फरक नसेल असं दोघांच्या मनातही आलं नव्हतं, कारण तसं जगात क्वचितच होतं. जुळ्यांत होतं, आणि सख्ख्या भावंडांत कधी तरी.

फरक शून्य असलेले सगळे नमुने तिने वेगळे काढले. चौदा महिन्यांत तीन हजार एकशे नमुने तपासले गेले होते. त्यांतले चार निघाले.

नावं दिसत नाहीत, फक्त दात्याचा क्रमांक, रोग्याचा क्रमांक आणि नमुन्याची तारीख. पहिली ओळ जतच्या जुळ्यांची. दुसरीतला रोगी तिच्या ओळखीचा नव्हता. तिसरीतल्या रोग्यापुढे 'बंद' असा शेरा होता. तो माणूस तासगावचा, केंद्रात सगळ्यांना माहीत असलेला; फरक आठ असलेला अंकुर लावून मार्चमध्ये वारला होता.

चौथ्या ओळीतला रोग्याचा क्रमांक तिने वर्षभरात इतक्या अर्जांवर लिहिला होता की तो तिला आपल्या फोन नंबरसारखा पाठ होता. नमुन्याची तारीख दिवाळीनंतरच्या मंगळवारची होती.

केतकी खुर्चीत मागे टेकली. रंजना आणि उदय. चोवीस खुणा, फरक शून्य.

मामाला येत्या बुधवारी फरक सात असलेला अंकुर लावणार होते. यादीतला तोच त्यातल्या त्यात बरा होता. सातवाले निम्मे टिकत नाहीत, आणि तो एकदा लावला की आईच्या तुकड्याचा काही उपयोग नव्हता. म्हणजे हातात होते सहा दिवस.

केंद्रप्रमुख डॉक्टर शिरगुप्पे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते चांगले डॉक्टर होते आणि केंद्र त्यांनी शून्यातून उभं केलं होतं.

"ओळ दुरुस्त करा," ते म्हणाले. "तिन्ही घरांना कळवू की नमुने पुन्हा तपासले आणि जुळले. विषय संपला."

"आणि चौथं घर?"

"केतकी, आपला सगळा डोलारा त्या बंद खोलीवर उभा आहे. यादी चुकते असं लोकांना कळलं तर उद्या कोण येईल तपासायला?"

"सर, चुकते हे खरं आहे. मल्लाप्पांना पुतण्या आठ महिने तोंडावर खोटारडे म्हणतोय. तासगावच्या त्या माणसाच्या दात्याला तर लोक अजून काय काय म्हणत असतील."

"पण आपण जाहीर केलं की ही चार माणसं चुकून गळली, तर बाकीच्यांचं काय? ज्यांनी खरंच नाही म्हटलंय त्यांचा आडोसा जाईल. लोक म्हणतील, तुझं नाव त्या चारांत नव्हतं."

हा मुद्दा खरा होता.

"चारांचं जाहीर नाही करायचं," केतकी म्हणाली. "पत्र सगळ्यांना पाठवायचं. चौदा महिन्यांत जेवढी घरं आली तेवढ्यांना. आमच्या प्रोग्राममधल्या चुकीने काही योग्य दाते यादीतून गळले, कोण ते आम्ही सांगणार नाही, म्हणून यादीत नाव नाही यावरून कोणाला दोष देऊ नका. खरंच नाही म्हटलेल्यांनाही त्यात आडोसा मिळेल. उलट जास्त मिळेल."

शिरगुप्पे यांनी चष्मा काढून पुसला. "आणि चूक कोणाची म्हणून लिहायचं?"

"माझी. नाव घाला. आणि तासगावला मी सोमवारी स्वतः जाते."

"लोक काय बोलतील कल्पना आहे ना?"

"आहे," केतकी म्हणाली. कल्पना फार नव्हती, पण ते काम दुसऱ्यावर ढकलण्यासारखं नव्हतं.

ओळ दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. आकडा आहे का, याऐवजी जागा रिकामी नाही ना, असं विचारायचं. बशीरभाईंनी कपाटातून हाउजीची पिशवी काढली आणि एका कोऱ्या सोंगटीवर पेनाने शून्य लिहून ती तीत टाकली. या वेळी कोणी हसलं नाही.

पण चौथ्या ओळीची यादी तिने चालवली नाही. खुणांच्या चाळणीमागे दुसरी चाळणी होती, बटणाच्या उत्तराची. पहिल्या दारात अडलेला माणूस दुसऱ्या दारापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आईने त्या दिवशी काय दाबलं होतं हे आजवर यंत्रानेही तपासलेलं नव्हतं. आता यादी चालवली की ते तपासलं जाणार होतं. नाव आलं तर हो. आलं नाही तर नाही. बाकी जगाला ते कळलं नसतं, पण फरक शून्य आहे हे माहीत असलेल्या मुलीला कळलं असतं.

शुक्रवारी सकाळी आई अंगणातल्या दोरीवर चादरी वाळत घालत होती. केतकीने दुसरं टोक धरलं आणि सगळं सांगितलं. हाउजीचंही सांगितलं. आई चादर झटकत ऐकत होती.

"म्हणजे तुझ्यामुळं," आई म्हणाली.

"हो. माझ्यामुळं."

"वर्षभर वर्षावहिनीनं मला जे काय ऐकवलं ते तुझ्या एका ओळीमुळं."

"हो, आई."

आईने चादरीला चिमटा लावला. "वहिनीचं मला काही नाही गं. ती परक्या घरची. तुलाही तसंच वाटलं होतं, ना?"

केतकीला खोटं बोलता आलं असतं. "वाटलं होतं," ती म्हणाली.

"तू समजून घेतलंस मला. ते जास्त लागलं. वहिनी निदान भांडली तरी."

केतकीचे डोळे भरून आले. चादरीआड तोंड नेऊन तिने ते पुसले. शिकलेल्या मुलीच्या समजूतदारपणाचा असा उपयोग झाला होता.

"आई, एक ऐक. अजून यादी चालवली नाही. तुला उत्तर बदलायचं असेल तर आजही खोलीत जाता येतं. हो असो, नाही असो. नाव आलं नाही तर मामाकडे कोणाला काही कळणार नाही. फक्त मला कळेल. म्हणून म्हणते, मी नाही चालवत. बशीरभाई चालवतील. मी विचारणारही नाही."

"तुला कळलं तर काय होईल?"

"काही नाही."

"मग तूच चालव." आईने रिकामी बादली उचलली. "तुलाच कळायला पाहिजे."

"काय दाबलं होतंस, ते सांगतेस?"

"ती खोली बंद असते ती कशाला मग?" आई म्हणाली आणि आत गेली.

साडेअकराला केतकीने यादी चालवली. बशीरभाई मुद्दाम पाठ करून नमुन्यांच्या बाटल्या पुसत होते, ज्या कालच पुसलेल्या होत्या. पडद्यावर चाक फिरलं. ते नेहमी तीन सेकंद फिरतं, त्या दिवशीही तेवढंच फिरलं असणार, पण केतकीला त्या वेळात आईच्या घरातली एकेक गोष्ट आठवून झाली. भाऊबीजेला रिकामा राहिलेला पाट. खुर्चीच्या कडेवर बसलेला मामा.

मग यादी उघडली. सहाची सात नावं झाली होती. सगळ्यांत वर रंजना बनसोडे, आणि नावापुढे शून्य.

"आलं?" बशीरभाईंनी पाठमोरंच विचारलं.

"आलं," केतकी म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. बशीरभाईंनी आणखी दोन बाटल्या पुसल्या.

चार वाजता मायलेकी रिक्षाने मामा दाखल होता त्या दवाखान्यात निघाल्या. यादी तोवर आपोआप मामाकडे पोचली होती आणि मामीचा फोन येऊन गेला होता. फोनवर ती फारसं बोलली नव्हती, नुसतं "वन्सं, या" म्हणाली होती.

"आई, त्या दिवशी तुला नाही म्हणावंसं वाटलं नाही?" रिक्षात केतकीने विचारलं. आता विचारायला हरकत नव्हती.

"वाटलं की. पाच मिनिटं उभी होते. बाहेरच्या बाईनं दार वाजवलं, बरं वाटतंय ना म्हणून." आई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. "मग म्हटलं, हाच काय तो माझ्या घरचं पाणी न घेणारा. आता माझाच तुकडा पोटात घेऊन हिंडू दे जन्मभर. हिरवं बटण रागानं दाबलंय मी, मायेनं नाही. उगाच देवी बनवू नकोस मला."

केतकी हसली. वर्षभरात दोघी मिळून पहिल्यांदाच हसत होत्या.

मामाचं नुकतंच डायलिसिस झालं होतं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण पलंगावर फारच लहान दिसत होता. ओठ सुकून पांढरे पडलेले. अशा रोग्यांना पाणी मापून देतात, दिवसाला अर्धा लिटर, आणि किती झालं ते पलंगाला लावलेल्या तक्त्यावर मामी लिहून ठेवायची. मामीने उठून खुर्ची रंजनाला दिली आणि पदराशी चाळा करत भिंतीशी उभी राहिली.

"बुधवारचा अंकुर मी नको म्हणून सांगितलं," मामा छताकडे बघत म्हणाला. "दुसरा कोण तरी वाट बघतोय, त्याला जाईल. अकरा आठवडे मी कळ काढीन, डॉक्टर म्हणतात जमेल." मग त्याने उशाखालून यादीचा कागद काढला. "रंजू, तुझ्या नावापुढं हे काय आहे? छपाई चुकलीय का?"

"शून्य आहे ते, दादा."

"म्हणजे?"

"चोवीस खुणा तपासल्या त्यांनी. तुझ्यात नि माझ्यात किती फरक आहे तो आकडा." रंजनाने कागद सरळ करून त्याच्या हातात दिला. "काही फरक नाही."

मामा बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिला. मामी डोळ्यांना पदर लावून रडत होती. केतकीला वाटलं काहीतरी बोलावं, चूक माझी होती म्हणून सांगावं, पण ते पत्रात येणारच होतं आणि ही वेळ तिची नव्हती.

मामाने जिभेने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. त्याची नजर रंजनाच्या पिशवीवर गेली. तिच्यातून स्टीलच्या बाटलीचं झाकण वर आलं होतं.

"पाणी आहे?" त्याने विचारलं.

"आहे. माझ्या घरचं आहे."

मामाने उशाजवळचा मापाचा पेला उचलला आणि पुढे केला. रंजनाने खालून पेला धरला आणि पन्नासच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. तो ते एका दमात प्यायला. पेला खाली न ठेवता तसाच हातात धरून बसला.

"वर्षा," तो बायकोला म्हणाला, "अजून पन्नास बसतंय का बघ."

मामीने तक्ता हातात घेतला. त्यावर सकाळपासूनचे आकडे होते. तिने ते बोटाने मोजले.

"बसतंय," ती म्हणाली.